वाडा, गंजिफा आणि पाहुणे

पूर्वजांनी बांधलेली वास्तू वंशजांना पेलेनाशी झाली म्हणजे तिचे काय करावे, हा प्रश्न केवळ राजेरजवाड्यांचा नाही. ज्यांचे कोकणात, देशावर अथवा गोमंतकात एखादे जुने घर आहे आणि त्या घरावरून वर्षातून एकदा तरी ज्यांच्या बैठकीत वाद होतो, अशा प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे. घर विकावे, तर वाडवडिलांचे नाव विकल्यासारखे वाटते. कुलूप लावून ठेवावे, तर पाऊस आणि वाळवी यांना कुलूप अडवीत नाही. दुरुस्त करावे, तर खर्च कोणी सोसावयाचा हे पाच भावांत ठरत नाही. आमच्या काळाचौकी-लालबागच्या चाळींतून गणेशचतुर्थीस कोकणात गेलेले चाकरमानी परत येतात ते अशाच घरांच्या कहाण्या घेऊन. त्यांपैकी पुष्कळांचे मूळ गाव जुन्या सावंतवाडी संस्थानात आहे; म्हणून या महिन्यात त्या संस्थानच्या राजवाड्याची हकीकत वाचकांपुढे मांडावयाचे योजिले आहे.

या राजवाड्याच्या आवारात २०२२ च्या सुमारास एक लहानसे अतिथिगृह सुरू झाले. खोल्या मोजक्या, सजावट एका विशिष्ट कलेला धरून, आणि यजमान म्हणून राजघराण्यातीलच मंडळी; अशा अतिथिगृहास हल्ली ‘बुटिक हॉटेल’ म्हणतात. राजवाड्याचे हॉटेल झाले, एवढीच ही गोष्ट असती, तर तिच्यावर लेखणी झिजविण्याचे कारण नव्हते. जयपूरच्या रामबाग राजवाड्याचे १९५७ मध्ये आणि उदेपूरच्या पिचोला तलावातील जगनिवासाचे १९६३ मध्ये असेच रूपांतर झालेले आहे. सावंतवाडीच्या प्रकरणात विचार करण्याजोगे आहे ते निराळेच. तेथे भिंतींच्या अगोदर एका मरणोन्मुख कलेचा जीर्णोद्धार झाला, आणि त्या कलेच्या आधारावर पन्नास वर्षांनी भिंतींची सोय लागली.

प्रथम थोडा इतिहास पाहू. सावंतवाडीचे सावंत-भोसले हे सतराव्या शतकापासूनचे संस्थानिक. संस्थानचे क्षेत्र अवघे सुमारे ९२५ चौरस मैल. पण एका बाजूस पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूस कोल्हापूरकर आणि किनाऱ्यावर आंग्रे, अशा कैचीत ते टिकून राहिले, हेच विशेष. तिसरे खेम सावंत यांची कारकीर्द १७५५ ते १८०३ अशी दीर्घ झाली. शिंद्यांच्या घराण्यातील लक्ष्मीबाई या त्यांच्या पत्नी. हल्लीचा राजवाडा त्यांच्याच काळचा मानतात. समोर मोती तलाव, मागे झाडी, आणि मध्ये तांबूस रंगाची ती जांभ्याची इमारत. राजवाडा म्हटल्यावर उत्तर हिंदुस्थानातील संगमरवरी वैभव ज्यांच्या डोळ्यांपुढे येते, त्यांना हा वाडा साधा वाटेल. पण कोकणात जे पिकते त्यातूनच तो उभा राहिला आहे, आणि म्हणून तो तेथे शोभतो.

१९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य गेले, तथापि तनखा राहिला होता. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने तोही बंद झाला. देशभरातील शेकडो वाड्यांवर त्या वर्षी एकच संकट आले. ज्यांच्यापाशी मोठी जमीन वा भांडवल होते ते सावरले. ज्यांच्यापाशी नव्हते त्यांनी झुंबरे विकली, मग दारे विकली, आणि अखेर जागा विकली. सावंतवाडीकर श्रीमंत संस्थानिकांत मोडत नव्हते. अशा वेळी श्रीमंत शिवरामराजे आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी जे केले, ते हिशेबी माणसास वेडेपणाचे वाटले असते. त्यांनी दरबार सभागृहात चितारी बसविले आणि गंजिफा रंगवावयास घेतल्या.

गंजिफा म्हणजे काय, हे आमच्या पिढीतील वृद्धांस ठाऊक असेल. तरुण वाचकांसाठी सांगतो. हे वाटोळे पत्ते होत. खेळ मूळचा इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शहा हसनास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. मोगलांच्या गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने असत. हिंदुस्थानी चित्रकारांनी त्या परक्या खेळाला आपले कुळ दिले, आणि ताज, शमशेर, गुलाम इत्यादी रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आणून बसविले. प्रत्येक अवताराची बारा पाने: एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहापर्यंतची आकडी पाने, मिळून १२० पाने होतात. प्रत्येक अवताराची खूण निराळी: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. खेळ बहुधा तिघांचा, म्हणजे प्रत्येकास ४० पाने. दिवसा खेळावयाचे तर ज्याच्याकडे रामराजा आला तो उतारी करतो; रात्री खेळावयाचे तर कृष्णराजा ज्याच्याकडे तो. अर्ध्या अवतारांत दहाचे आकडी पान वरचढ, तर उरलेल्या अर्ध्यांत तोच क्रम उलटा. हुकूम नावाची वस्तू या खेळात नाही. सारी भिस्त कोणते पान पडून गेले याच्या स्मरणावर. मुलांची स्मरणशक्ती वाढविण्यासाठी आम्ही मास्तर मंडळींनी जे जे उपाय योजिले, त्यांत हा खेळ घेतला असता तर शिक्षा कमी कराव्या लागल्या असत्या.

ही पाने करण्याची रीत कष्टाची असे. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर डकवून घोटावयाचे, मग वाटोळी चकती कापावयाची, तिच्यावर रंगाचा हात द्यावयाचा, बारीक कुंचल्याने चित्र काढावयाचे आणि शेवटी लाखेचा लेप देऊन पान चकचकीत व टिकाऊ करावयाचे. श्रीमंतांसाठी दरबारी गंजिफा, सामान्यांसाठी बाजारी गंजिफा, असे दोन दर्जे होते. सावंतवाडीत हे काम चितारी लोकांकडे असे. हेच लोक लाकडी खेळणी, पाट, फळांच्या प्रतिकृती करीत. गावातील चितार आळी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. विलायती छापील पत्ते आले, ५२ पानांचे जोड अल्प मोलात मिळू लागले, तेव्हा हाताने रंगविलेल्या १२० पानांना गिऱ्हाईक उरले नाही. गिऱ्हाईक गेले म्हणजे कारागिराचा मुलगा दुसरा धंदा शिकतो. आणि एका पिढीने हात थांबविला की कला ग्रंथात राहते, बोटांत राहत नाही.

शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी यांनी शोध केला तेव्हा ही विद्या जाणणारे वयोवृद्ध चितारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही राहिले नव्हते. राणीसाहेबांनी वृद्ध कारागिराकडून ही कला स्वतः शिकून घेतली, गावच्या तरुण मुलामुलींना शिकविली, आणि ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ या नावाने वाड्यातच उद्योग उभा केला. ज्या सभागृहात मानकरी मुजरे करीत, तेथे जमिनीवर मांडी घालून मुले कासवे आणि कमंडलू रंगवू लागली. याच काळात मुंबईत राहिलेले जर्मन वंशाचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन हे गंजिफांचा संग्रह व अभ्यास करीत होते. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने १९८२ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी अभ्यासक जुनी पाने जपत होते. नवी पाने होत होती ती सावंतवाडीच्या वाड्यात. शिवरामराजे १९९५ मध्ये वारले. सत्त्वशीलादेवींनी २०१८ मध्ये देह ठेवीपर्यंत हे काम सोडले नाही. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे आता इतर कोणास परगावी छापलेली पाने सावंतवाडीची म्हणून विकता येणार नाहीत.

एवढी पूर्वपीठिका लक्षात घेतली म्हणजे अतिथिगृहाचा अर्थ नीट कळतो. घराण्यातील तरुण पिढीने वाड्याच्या आवारातील जांभ्याची एक जुनी वास्तू दुरुस्त करून तीत पाहुण्यांची सोय केली. खोल्यांना सजावट म्हणून बाजारातून चित्रे आणावी लागली नाहीत. दशावतारी गंजिफांच्या आकृती तेथील कारागिरांनीच भिंतींवर आणि सामानावर उतरविल्या. पाहुणा सकाळी उठतो तो एखाद्या अवताराच्या सहवासात, आणि चार पावले चालून दरबार सभागृहात गेला तर तीच आकृती कागदावर उतरविणारा हात त्यास प्रत्यक्ष दिसतो. हवे असेल तर तो बसून शिकू शकतो. खोलीच्या भाड्यातून वाड्याची कौले बदलतात. पाहुण्याने नेलेल्या जोडामुळे कारागिराची चूल पेटते. वास्तू कलेला आसरा देते आणि कला वास्तूला पोसते, असा हा व्यवहार आहे.

आता याविरुद्धचे आक्षेप. पहिला आक्षेप आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या मंडळींचा. आदरातिथ्य हा गृहस्थाचा धर्म. त्याचे पैसे घ्यावयाचे म्हणजे धर्माचा बाजार मांडणेच नव्हे काय? शब्दशः पाहू गेल्यास, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. ज्याने महिनाभर अगोदर तिथी कळवून, आगाऊ रक्कम भरून खोली राखून ठेविली, त्यास व्याकरणाने तरी अतिथी म्हणता येत नाही! तेव्हा त्याच्याकडून मोल घेतल्याने अतिथिधर्मास बाध येतो असे मला वाटत नाही. मात्र मोल घेतले म्हणजे जबाबदारी वाढते. फुकट जेवलेला पाहुणा मीठ कमी पडले तरी बोलत नाही. मोल दिलेला पाहुणा बोलतो, आणि त्याने बोललेच पाहिजे. शिवाय आपल्या धर्मशास्त्राने विहिरी, तळी, देवालये, बागा यांच्या निर्मितीस ‘पूर्त’ असे नाव देऊन यज्ञयागाच्या जोडीस बसविले आहे, आणि मोडकळीस आलेल्याचा उद्धार करणे हे नवे बांधण्याहून कमी मानलेले नाही. जीर्णोद्धारास द्रव्य लागते. ते सन्मार्गाने आले म्हणजे झाले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अशा अतिथिगृहात कोण राहतो? ज्याच्या आजाने या वाड्याचे चिरे वाहिले, त्याच्या काळाचौकीतील नातवास तेथे एक रात्रही राहणे परवडणारे नाही. हे खरे आहे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. मोजक्या खोल्यांच्या हॉटेलाचा धंदाच थोड्यांकडून जास्त घेण्याचा असतो. तथापि दरबार सभागृह सामान्य प्रेक्षकांसही पाहता येते, ही गोष्ट या आक्षेपाची धार कमी करते. माझ्या मते अशा प्रत्येक ठिकाणी हीच कसोटी लावावी. खोल्या श्रीमंतांच्या असोत; पण अंगण, दिवाणखाना आणि इतिहास गावाला खुला असावा. ज्या वाड्यात गावकऱ्याला फाटकापाशीच अडवितात, त्याचा जीर्णोद्धार झाला असे म्हणवत नाही.

तुलनेसाठी याच घराण्याची दुसरी वास्तू घ्या. तेरेखोल नदीच्या मुखावरील किल्ला सावंतवाडीकर खेम सावंतांनी सतराव्या शतकात बांधला. पोर्तुगीजांनी तो १७४६ मध्ये घेतला. आत सेंट अँथनीचे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढे या किल्ल्यातही अतिथिगृह झाले, आणि त्याच्या खोल्यांना वारांची नावे दिली गेली. जागा अतिशय रम्य. समोर समुद्र, खाली नदी. परंतु तेथे हॉटेल आणि इतिहास शेजारी शेजारी राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत. सोमवार-मंगळवार या नावांवरून पाहुण्यास सावंत, पोर्तुगीज अथवा सत्याग्रही यांपैकी कोणाचीच ओळख होत नाही. सावंतवाडीत खोलीचे चित्रच इतिहास सांगावयास लागते.

आणखी जवळचे उदाहरण हवे असल्यास आमच्या काळाचौकीतच आहे. इंडिया युनायटेड गिरणीच्या दोन व तीन क्रमांकांच्या आवारात महानगरपालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम हाती घेतले. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर मनोरे उठले. त्यांत एका गिरणीची तरी धुराडी व भिंती राखाव्यात, हा विचार उत्तमच आहे. पण ज्या शाळेत मी आयुष्य घालविले तेथील निम्म्या मुलांचे वडील साचे चालवीत, आणि आता त्या मुलांपैकी एकासही तुटलेला धागा सांधता येत नाही. तेव्हा संग्रहालयात यंत्रे मांडून होतील. ती चालविणारा आणि चालविताना काय ऐकू येते हे सांगणारा माणूस आजच शोधून बसविला पाहिजे. साचेवाले अद्याप आमच्या चाळींच्या ओट्यांवर बसलेले आहेत. आणखी दहा वर्षांनी ते असणार नाहीत. सावंतवाडीने वृद्ध चितारी हयात असतानाच धाव घेतली. उशीर केला असता तर आज खोल्यांत टांगावयास चित्रे मिळाली असती, रंगविणारा मिळाला नसता.

आता राजवाडा बाजूस ठेवून आपल्या घरांकडे वळू. ज्या वाचकांची जांभ्याची घरे कोकणात उभी आहेत, त्यांनी दोन-चार व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सावंतवाडी भागात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर कठीण होतो; पण तो सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. जुन्या लोकांनी त्यावर चुन्याचा गिलावा दिला, कारण चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. हल्ली घाईने सिमेंट थापतात. भिंत चार दिवस नवी दिसते, पण ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि काही पावसाळ्यांत दगडाचेच पापुद्रे सुटू लागतात. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यास चुन्याचे काम येते काय, हे प्रथम विचारावे. दुसरे, खर्चाचा क्रम वरून खाली असावा: आधी कौले आणि पन्हळी, मग वासे, मग भिंती, आणि रंगरंगोटी सर्वांत शेवटी. आपण बहुधा उलट करतो. आधी पुढचे दार रंगवितो, आणि वर एक कौल फुटलेले राहते ते पाच वर्षांत आढे कुजविते.

तिसरी गोष्ट पैशाहून कठीण आहे. सामाईक घरास अनेक मालक असतात, पण सांभाळणारा एकही नसतो. सर्व भावांनी बसून एकास व्यवस्थापक नेमावे, वार्षिक वर्गणी ठरवावी, हिशेब लेखी ठेवावा आणि हे सारे वडीलधारी मंडळी हयात असतानाच करावे. घर अतिथिगृह करण्याजोगे असेल तर अवश्य करावे. केंद्र सरकारचे पर्यटन खाते १९५० पूर्वीच्या वास्तूंतील हॉटेलांना वारसा हॉटेल म्हणून स्वतंत्र वर्गात धरते. देवघर आणि एक-दोन खोल्या कुटुंबासाठी राखून ठेवाव्यात, म्हणजे लेकीसुनांना आपल्याच घरी परक्यासारखे उतरावे लागणार नाही. पण प्रत्येक घराचे हॉटेल होणार नाही, आणि व्हावयासही नको. एखाद्या घराची पडवी गावच्या वाचनालयास देता येईल, एखाद्यात उन्हाळ्यात मुलांचा वर्ग भरविता येईल. ज्या घरात रोज सायंकाळी कोणी दिवा लावतो, त्यात वाळवी लवकर लक्षात येते. जीर्णोद्धाराचे सर्वांत स्वस्त साधन तेच आहे.

चौथी गोष्ट म्हणजे त्या घराची गंजिफा कोणती, ते शोधणे. प्रत्येक घरात अशी एखादी विद्या असते: एखाद्या आजीची फणसाच्या साठांची रीत, एखाद्या काकांची सुतारकामाची हत्यारे, एखादी पूजेची अथवा कीर्तनाची परंपरा, बाळबोध अक्षराच्या पोथ्या. ती विद्या जाणणारे माणूस जिवंत असता तिच्याकडून कोणी तरुणाने शिकून घेतली, तर घर राखण्याचे कारण आपोआप मिळते. ती गेली आणि भिंती राहिल्या, तर पुढच्या पिढीस त्या भिंतींचे मोल फक्त गुंठ्यांच्या भावाने कळेल.

येत्या सुटीत सावंतवाडीकडे जाणे झाले तर वाचकांनी वाड्यातील दरबार सभागृह अवश्य पाहावे, चितार आळीतून फिरावे, आणि परवडल्यास गंजिफांचा एक जोड घरी आणावा. तो चौकटीत घालून भिंतीवर मात्र टांगू नये. खेळण्याची रीत समजून घ्यावी, तीन पिढ्यांतील तिघांनी चटईवर बसावे आणि पाने वाटावीत. दिवस असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती आला, त्याने उतारी करावी.